पाय देऊ नका

“कोणी घातलंय हो हे काँक्रीट?” ब्रेकर चालवणाऱ्यानं मशीन बंद केलं आणि बाहीनं घाम पुसत विचारलं. “फुटता फुटत नाहीये. हात भरून आले माझे. मेल्यानं जीव ओतलाय नुसता.”

प्रश्न कोणाला विचारलेला होता असं नाही. शाळेच्या फाटकापाशी एक म्हातारा गज धरून उभा होता, दुसरं कोणी समोर नव्हतं, म्हणून त्याच्याकडे बघून विचारला इतकंच. म्हाताऱ्याची छाती क्षणभर फुगली.

“मी घातलंय,” तो म्हणाला. “तो मेला मीच.”

मशीनवाला ओशाळला. “चांगलं घातलंय, काका,” असं काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा मशीन चालू केलं. त्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

व्हरांड्यातून एक बाई धावत आली. ही म्हाताऱ्याची मुलगी. याच शाळेत शिकवायची, आणि पटांगण फोडायचं हे खूळही तिचंच होतं.

“बाबा, तुम्ही कशाला आलात? येऊ नका म्हटलं होतं ना. खडी उडतेय, डोळ्यात जाईल.”

“जाऊ दे. तुझ्या माणसांना जमतंय का ते तर बघू दे.”

“घरी जा ना, बाबा. प्लीज.”

तो गेला नाही. दुपारपर्यंत तसाच गज धरून उभा राहिला आणि मग कोणाशी न बोलता घरी गेला.

गल्लीत त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. बायकोसुद्धा चिडली की ‘अहो मिस्त्री’ म्हणायची, आणि ती बऱ्याचदा चिडलेली असायची. जन्मभर त्यानं गवंडीकाम केलं. पण भिंत बांधली की तिच्यावर गिलावा चढतो, गिलाव्यावर रंग चढतो, आणि आत कोणाचा हात आहे हे मग कोणाला सांगता येत नाही. उघडं राहिलेलं असं एकच काम त्याच्या वाट्याला आलं होतं, ते म्हणजे या शाळेचं पटांगण. ऐन तारुण्यात, शाळेला सुट्टी असताना, त्यानं ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओतलं होतं. खालची माती जड लोखंडी धुम्मसानं चोपून चोपून अशी घट्ट केली होती की हाताखालचे गडी म्हणाले, “मिस्त्री, पुरे करा, माती रडायला लागली.” वरची थापी दुसऱ्या कोणाला धरू दिली नव्हती. गुडघ्यांवर बसून, मागे सरकत सरकत, सगळं पटांगण त्यानं स्वतः गुळगुळीत केलं. पाटीवर नाव लागलं कंत्राटदाराचं, पण पटांगण मिस्त्रीचं होतं. पुढे कितीतरी वर्षं, वाट वाकडी करून का होईना, तो कामावर जाताना शाळेवरून जायचा आणि कुठे तडा गेलाय का ते बघायचा. कुठे गेलेला नसायचा.

आणि आता लेकीनं ते फोडायला काढलं होतं. शाळा भर शहरात, तिन्ही बाजूंनी इमारती, आजूबाजूला मुलांना माती म्हणून दिसत नव्हती आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेकायला जागा नव्हती. म्हणून हे काँक्रीट काढायचं, चांगली माती आणायची, झाडं लावायची, वाफे करायचे, मुलांचे तास तिथेच घ्यायचे आणि संध्याकाळी फाटक सगळ्या वस्तीला उघडं ठेवायचं, अशी तिची योजना. त्यासाठी तिनं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, पालकांच्या सभा घेतल्या, मोठ्या बाईंच्या मागे लागून लागून त्यांना हो म्हणायला लावलं. सगळ्या जगाला सांगून झालं. घरी सांगायचं तेवढं राहिलं. मिस्त्रीला ते कळलं कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून, गालाला साबण लावलेला असताना.

आणि ते फुटताना बघून आल्यापासून त्यानं लेकीशी अबोला धरला होता.

“किती दिवस तोंडाला कुलूप लावून बसणार आहात?” बायको म्हणाली. “फरशी होती ती. पोरगी नव्हती तुमची.”

“तुला कळायचं नाही.”

“नाही कळत. पोटची पोर समोर बसून जेवते आणि तुम्ही भिंतीकडे बघत जेवता. त्या भिंतीत काय सोनं भरलंय?”

मिस्त्री उठून बाहेर गेला. राग होता, पण रागापेक्षा वाईट वाटणं जास्त होतं. आपल्या मागे दाखवण्यासारखं एवढंच होतं आणि ते आपल्याच पोरीनं पुसून टाकलं, हे त्याच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

काँक्रीट सगळं निघालं, मातीचे ट्रक येऊन गेले, आणि मग एका संध्याकाळी मुलगी त्याच्याजवळ येऊन बसली.

“बाबा, एक काम होतं.”

“कामाला माणसं आहेत की तुझ्याकडे. तो मशीनवाला आहे.”

“कट्टा बांधायचाय. वाफ्यांच्या कडेनं, गोल. लोकांना बसायला. तिथला माणूस बांधतोय, पण मला तो तिरका वाटतोय.”

“तिरका?” मिस्त्रीची मान आपोआप वळली.

आतून बायकोचा आवाज आला, “झालं! आता झोप लागायची नाही यांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंबा, थापी आणि दोरी पिशवीत घालून मिस्त्री शाळेत हजर झाला. कट्टा तिरका नव्हता. कारण कट्टाच नव्हता, त्याची एक वीटही लागलेली नव्हती. लेकीनं चक्क थाप मारली होती. मिस्त्रीनं तिच्याकडे रोखून बघितलं, ती हसली, आणि कित्येक दिवसांनी तोही हसला.

ते दिवस फार चांगले गेले. मिस्त्री काम करायचा आणि मधल्या सुट्टीत मुलगी डबा घेऊन त्याच्याशेजारी विटांच्या ढिगावर बसायची. लहानपणी तिला असं कधी शेजारी घेऊन जेवल्याचं त्याला आठवत नव्हतं. तेव्हा तो अंधार पडता पडता घरी यायचा आणि ती पेंगुळलेली असायची. आता ती बोलायची, कुठलं झाड कुठे येणार, कुठल्या कोपऱ्यात मुलं बसून वाचणार, कुठे पाखरांसाठी पाणी ठेवणार. त्याला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण तो ऐकायचा. एक काम गेलं ते गेलं, पण हे दुसरं मिळालं होतं, आणि ते लेकीच्या बरोबरीनं चाललं होतं. या तिच्या बागेत आपल्या हाताचं काहीतरी असावं, लोकांनी म्हणावं की हे बाईंनी आणि बाईंच्या वडिलांनी केलं, एवढीच त्याची आता इच्छा होती. त्या इच्छेपुढे बाकीची दुखणीखुपणी त्यानं बाजूला ठेवली होती.

तिच्या वर्गातल्या मुलांनी तोवर वाफे केले. खुरप्यांनी माती उकरून भुसभुशीत केली, बी पेरलं, वर सुका पाला पसरला. कोणी काय पेरलं ते कळावं म्हणून प्रत्येकानं आपापल्या नावाची काडी आपापल्या जागी खोचली. काड्या वेड्यावाकड्या होत्या आणि नावंही तशीच होती.

“आता इथे कोणीही पाय द्यायचा नाही,” मुलगी मुलांना म्हणाली. “अजिबात नाही. आजोबा, तुम्हीसुद्धा नाही हं.” मुलांसमोर ती त्याला आजोबा म्हणायची.

मुलं खिदळली. मिस्त्रीनंही गंभीरपणे मान हलवली. पाय का द्यायचा नाही हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. ताज्या कामावर पाय उमटतो आणि तो जन्मभर राहतो.

कट्टा शनिवारी पुरा झाला. सोमवारी वस्तीतली माणसं येणार होती, मोठ्या बाई दोन शब्द बोलणार होत्या आणि त्या दिवसापासून फाटक सगळ्यांना उघडं होणार होतं. रविवारी शाळा बंद. पण ताज्या बांधकामाला पाणी मारावं लागतं, त्याला रविवार कळत नाही, म्हणून पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन मिस्त्री एकटाच आत गेला.

कट्ट्याला पाणी मारून झालं. मिस्त्रीनं चार पावलं मागे येऊन बघितलं. कट्टा झकास झाला होता, कुठेही बोट दाखवायला जागा नव्हती. आणि त्या कट्ट्याच्या आत ते वाफे! माती कुठे वर आलेली, कुठे खचलेली. ढेकळं तशीच. वर हा पालापाचोळा. काड्या दारू प्यायल्यासारख्या कशाही झुकलेल्या. उद्या माणसं येणार आणि हे असं अर्धवट दिसणार. पोर एकटी कुठे कुठे पुरणार? खडू धरणारा हात तिचा, माती घट्ट कशी करायची हे तिला कोण सांगणार? आणि विचारायला जावं तर ती म्हणणार, राहू दे बाबा, तुम्ही दमलात.

त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या.

आधी सगळा पाला गोळा करून बाहेर टाकला. मग काड्या एकेक उपटून, पुसून, कट्ट्यावर मांडून ठेवल्या. पाय द्यायचा नाही असं लेकीनं बजावलं होतं, ते तो विसरला नाही. त्यानं वाफ्यावर फळी टाकली आणि फळीवर उभं राहून काम केलं. पाणी शिंपडलं, ढेकळं फोडली, आणि मग सामानाच्या खोलीतून धुम्मस आणून माती चोपायला घेतली. या वयात धुम्मस उचलवत नव्हतं. श्वास लागायचा, तो थांबायचा, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि पुन्हा उचलायचा. हातचं काही राखून ठेवलं नाही. शेवटी वरून थापी फिरवली. माती चकाकायला लागली. मग त्यानं दोरी बांधली आणि सगळ्या काड्या दोरीत, एका रांगेत, सारख्या अंतरावर उभ्या केल्या. नावं बाहेरच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्याला वाचता यावीत.

घरी जाताना त्याचं मन तृप्त होतं. बायकोनं विचारलं, “एवढा वेळ कट्ट्याला पाणी मारत होतात?” तर तो म्हणाला, “उद्या बघशील.”

सोमवारी नवराबायको ठेवणीतले कपडे घालून गेली. वस्तीतली माणसं जमली होती. शेजारच्या इमारतीतल्या एक आजी वाफ्याकडे बघून म्हणाल्या, “अगंबाई, काय चकाचक केलंय! नाहीतर बाग म्हटली की सगळा पसारा.” मिस्त्री हात मागे बांधून उभा होता. हसू त्याला लपवता येत नव्हतं.

मुलं रांगेनं आली आणि वाफ्यापाशी येऊन थबकली. रांग मोडली. मग एक बारकी मुलगी खाली वाकली, आपल्या नावाची काडी तिनं बघितली आणि म्हणाली, “बाई, मी इथे नव्हतं लावलं. मी तिकडे लावलं होतं. माझा कोंब आला होता. शुक्रवारी आला होता.”

“माझापण,” दुसरा म्हणाला. “बाई, आमचं कुठे गेलं?”

मिस्त्रीच्या मुलीनं वाफ्याकडे बघितलं. मग कट्ट्याला टेकवून ठेवलेल्या धुम्मसाकडे, आणि मग बापाकडे. बाप अजून हसत होता. ते हसू एकदम थांबवायचं कसं हे त्याला कळेना, म्हणून ते तसंच चेहऱ्यावर राहिलं. मिस्त्री अडाणी असेल, पण मूर्ख नव्हता. मुलांचे चेहरे बघून त्याला सगळं कळलं होतं.

“कोणी केलं हे?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“मी सांगितलं होतं,” त्याची मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. “माती सारखी करून घ्यायला मीच सांगितलं होतं, पण कसं ते नीट समजावलं नाही. चूक माझी आहे, मुलांनो. आपण परत करू. चालेल?”

मुलं चालेल म्हणाली, पण त्या चालेलमध्ये जीव नव्हता. मोठ्या बाई दोन शब्द बोलल्या. टाळ्या वाजल्या. लोक कट्ट्यावर बसून बघू लागले. कट्टा छान झालाय असं दोघातिघांनी म्हटलंसुद्धा. मिस्त्रीच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. बायकोनं त्याच्या दंडाला हात लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला काही बोलली नाही.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर मुलगी त्याच्याशेजारी येऊन बसली.

“ओरडली असतीस तर बरं झालं असतं,” तो म्हणाला.

“काय ओरडू? तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?”

“पाय नाही दिला मी. फळी टाकली होती.”

“दिसलं मला ते.” तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. “बाबा, आपल्या दोघांची गंमतच आहे. तुम्हाला आठवतंय, मला पहिल्यांदा शाळेत सोडायला आलात? फाटकापाशी तुम्ही मला म्हणालात, जपून चाल हं, ही जमीन तुझ्या बापानं केलीय.”

“म्हटलं असेन. चेष्टेत.”

“मी एवढीशी होते. मला काय कळणार चेष्टा? मला वाटलं, ती खराब करायची नाही. खराब झाली तर तुम्हाला वाईट वाटेल. मी शाळेत असेपर्यंत एकदाही या पटांगणात धावले नाही. मुली खडूनं घरं आखून खेळायच्या, मी कडेला उभी राहायचे. कोणी जोरात उडी मारली तरी मला भीती वाटायची, आता तडा जाणार.”

मिस्त्रीनं फाटकाकडे बघितलं. कामावर जाताना तो किती वेळा या फाटकाशी थांबला होता. कित्येकदा मधली सुट्टी असायची, मुलं ओरडत असायची, पळत असायची. त्यानं डोळे बारीक करून जमीन बघितली होती, कोपरा न् कोपरा. आपली पोर कुठे आहे, ती पळतेय का, हे बघायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. ती तिथेच कुठेतरी कडेला उभी असणार, आणि कदाचित तिनं त्याला बघितलंही असेल. हाक मारायची तिची हिंमत झाली नसेल. आता ते दिवस परत कुठून आणणार?

“म्हणून फोडलंस का?” त्यानं विचारलं.

“नाही हो. मुलांसाठी फोडलं.” ती थांबली. “थोडंसं त्यासाठीही असेल. घरी सांगायला जीभ रेटली नाही, ते त्यामुळेच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आपल्या वर्गाला घेऊन वाफ्यापाशी बसली. वरची घट्ट माती हातांनी हळूहळू मोकळी करायची, खाली एखादं बी वाचलं असेल तर ते शोधायचं, असं तिनं ठरवलं होतं. खुरपी वापरायची नाही, फक्त बोटं. मिस्त्री आला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

“मी करतो,” तो म्हणाला. “मी घट्ट केली, मीच सोडवतो.”

तो गुडघ्यांवर बसला. त्या बारक्या मुलीनं सरकून त्याला जागा दिली. त्यानं मातीत बोटं घातली. पण जन्मभर सिमेंटमध्ये राहून त्या बोटांची कातडी जाड, चिरलेली झाली होती. कोंब कुठला, काडी कुठली, खडा कुठला, त्यांना काहीच कळत नव्हतं. डोळे मिटून बघितलं, तरी कळेना. त्यानं एक ढेकूळ अगदी अलगद, त्याच्या मते अगदी अलगद, चिमटीत धरून फोडलं.

“आजोबा,” ती बारकी हळूच म्हणाली, “मोडला.”

त्याच्या चिमटीत एक पांढरा, वाकडा कोंब होता. मिस्त्रीनं तो तळहातावर घेतला, बघितला आणि मातीत परत ठेवला. तसं ठेवून काही होत नाही हे त्यालाही माहीत होतं.

“होतं असं, बाबा,” लेक म्हणाली. “तुम्ही कट्ट्यावर बसा ना. आम्ही करतो.”

तो उठला. गुडघे झटकले. कट्ट्यावर जाऊन बसायला वळला आणि थांबला. नवीन झाडं अजून कमरेएवढीही नव्हती. सगळं ऊन मुलांच्या पाठीवर आणि लेकीच्या मानेवर पडत होतं. घामानं तिच्या मानेला केस चिकटले होते. मिस्त्री वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला आणि तिच्या आणि उन्हाच्या मध्ये उभा राहिला. त्याची सावली तिच्यावर, शेजारच्या बारकीवर आणि समोरच्या वीतभर मातीवर पडली. लेकीनं वर बघितलं नाही. ती आता घाई न करता एकेक कण बाजूला करत होती.

“दमाल, बाबा,” ती खाली बघूनच म्हणाली.

“तू कर,” तो म्हणाला. “मला काही होत नाही.”

वाफा बराच मोठा होता. ऊन सरकलं, तसा तोही थोडा सरकला.